गव्हाणीतली माझी एक काडी

आमच्या घरात सलग नऊ दिवस भांडण झालं नाही, तेव्हा मी घाबरलो.

मी पुलगावातला कारकून. लोकांच्या अर्जांत खाडाखोड शोधण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे सरळ कागद दिसला की मला आधी संशय येतो. माझी आई आणि बायको वंदना यांचं सकाळी चहाच्या साखरेवरून आणि संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावरून, असं दोन पाळ्यांत वाजायचं. डिसेंबर लागला आणि सगळं चिडीचूप! आईच्या चष्म्याची निसटलेली दांडी आपोआप घट्ट बसली. वंदनाच्या साडीला कुणीतरी फॉल लावून ठेवला. (माझी चप्पल ऑगस्टपासून तुटलेली होती, ती तशीच!)

"आई, काय चालू आहे तुमचं?"

"काई नाई. तू जेव ना चूपचाप."

वंदनाला विचारलं, तर ती फणकारली, "काऊन? भांडलो तं तुमचं डोकं दुखते, नाई भांडलो तं पोट दुखते!"

मग पुरावे मिळाले. आईच्या पदराला वाळल्या गवताची काडी. दुसऱ्या दिवशी वंदनाच्या पर्समध्येही तशीच. (मी स्कूटरची किल्ली शोधत होतो, तपास नंतर सुरू केला.) आता आईला कित्येक वर्षं म्हैस पाळायची होती आणि वंदनाचा विरोध होता. गवत अधिक एकी म्हणजे म्हैस! दोघींनी परस्पर व्यवहार उरकला होता आणि शेण काढायला घरात मी एकटाच रिकामा.

बावीस तारखेच्या संध्याकाळी दोघी निघाल्या, मी मागोमाग. त्या शिरल्या मार्थाबाईंच्या घरात. मार्थाबाई आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. त्यांच्या दारात माझी कंबर आपोआप आखडते, इतकी इंजेक्शनं त्यांनी मला दिली आहेत. तरी धीर करून दार ढकललं आणि ओरडलो, "म्हैस कुठं आहे?"

खोलीत गल्लीतल्या सात-आठ बाया होत्या आणि मधोमध एक छोटी लाकडी गव्हाण, गवतानं भरलेली. म्हैस नव्हती.

"बसा भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या. "आमचा येशू गोठ्यात जन्मला. महाल नाई, बँडबाजा नाई. देव इतक्या गुपचूप आला का गावाले पत्ता नाई लागला. म्हणून नाताळाच्या आधी जो चांगलं काम करन अन् कोणाले सांगन नाई, त्यानं इथं एक काडी टाकाची. बाळाले निजाले मऊ झालं पायजे ना! पण बोभाटा झाला का काडी बाद."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"म्हणजे चष्मा वंदनानं बसवला! फॉल आईनं लावला! सकाळी पाणी तापवून ठेवते ती वंदना! लोणच्याची शेवटची फोड उरवते ती आई!"

मी एकूण अकरा प्रकरणं उघडकीस आणली. बायांचे चेहरे पडत गेले, ते मला तपासाचं यश वाटलं. मार्थाबाईंनी एकेक करून अकरा काड्या काढल्या. गव्हाणीचं लाकूड दिसू लागलं.

आई वंदनाकडे बघतच राहिली. "चष्मा तू बसवला व? मले वाटलं, यानं केलं असन."

"यायच्याकडून कधी झालं का आई!"

आईचे डोळे भरून आले होते. मला मनापासून लाज वाटली.

"आता तुम्ही भरा भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या. "दोन दिवस आहेत."

सकाळी भांडी घासायला बसलो. वंदना धावत आली, "काय फोडलं?" आईचे पाय चेपायला घेतले, तर तिनं पाय ओढून घेतले. "कोणत्या कागदावर सही पायजे तुले?" शेवटी गल्लीतली नाली साफ करायला गेलो. शेजारी म्हणाले, "काऊन, निवडणुकीले उभे राहून राह्यले का?"

चोवीस तारखेला दोघींनी मिळून मार्थाबाईंसाठी सांबारवड्या केल्या. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) दुसऱ्याच्या देवापुढं ठेवायच्या म्हणून आईनं कुणालाच चव घेऊ दिली नाही. डबा मात्र माझ्या हाती दिला. अंगणात मी एक वडी तोंडात टाकली आणि डोळ्यांपुढे समुद्र आला. एकीनं मीठ घातलं होतं आणि दुसरीनं गुपचूप मदत म्हणून पुन्हा घातलं होतं! हे कळलं असतं तर 'मीठ कोणी टाकलं' हा खटला होळीपर्यंत चालला असता. मी तिथंच उभा राहून बाराच्या बारा वड्या खाल्ल्या.

"डबा रिकामा काऊन?" वंदनानं बाहेर येऊन विचारलं.

"खाल्ल्या. राहवलं नाई."

"सणाच्या दिवशी! लाज नाई वाटली?" आई कडाडली.

"बकासुर!" वंदनानं दुजोरा दिला. दोघी एका सुरात बोलत होत्या, आणि मी तांब्यामागून तांब्या पाणी ढोसत गप्प होतो.

संध्याकाळी मार्थाबाईंकडे गेलो. बायांनी दोन दिवसांत गव्हाण पुन्हा भरत आणली होती. मी माझी एक काडी टाकली. मार्थाबाईंनी त्यावर मातीचं बाळ निजवलं, मला काही विचारलं नाही. इतकं समाधान मला बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्याला तीन वर्षं झाली. आयुष्यातलं माझं ते एकमेव गुप्त सत्कर्म मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आज तुम्हाला मिठासकट सगळं सांगून बसलो!

मार्थाबाई, माझी काडी काढून टाकजा.