माझ्या गाडीवर सेंदाई लिहिलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळख नसलेल्याला सांगणं हाही भित्रेपणाच? असेल. तरी सांगतो.

जपानमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवर आकड्यांच्या वर गावाचं नाव असतं. गाडी जिथे नोंदवली, तिथलं. माझ्या प्लेटवर ‘सेंदाई’ होतं, नितीनच्या प्लेटवर ‘अदाची’ — म्हणजे टोकियोतलं एक नोंदणी कार्यालय. ऑफिसात एक फ्रेंच सहकारी होता. तो सांगायचा, त्यांच्याकडे प्लेटच्या कडेला विभागाचा आकडा असतो, आणि तो आपला आपण निवडायचा. राहा कुठेही, लोक हौसेने आजोळचा आकडा लावतात. तेव्हा आम्ही हसलो होतो. पाटीवरून माणूस कुठून आला हे कळत नाही, असं मीच म्हणालो होतो. मला ते नीट ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

नितीन मूळचा सातारचा. टोकियोतल्या कोतो भागातून बदली होऊन तो आणि त्याची बायको प्राजक्ता सेंदाईला आमच्याच इमारतीत राहायला आले. प्राजक्ताला तेव्हा दिवस गेले होते. घर मीच शोधून दिलं. कचरा कुठल्या वारी कसा वेगळा करायचा, ते मीच शिकवलं. तो मला दादा म्हणायचा. गाव बदललं की प्लेटही बदलून घ्यायची असते. त्याचं ते राहून गेलं, आणि तेवढ्यात करोना आला.

त्या वसंतात टोकियोच्या गाड्यांकडे लोक कसे बघायचे, ते आज सांगून पटणार नाही. कुणी बॉनेटवर ओरखडे काढी, कुणी काचेवर अंडं फोडी. दुकानात ‘मी याच प्रांतात राहतो’ असे स्टिकर मिळू लागले. नितीननेही एक मागच्या काचेवर लावला. “दादा, आता कपाळावर पण एक लावू का?” असं म्हणून हसला. पण गाडी जागेवरून हलवणं त्याने बंद केलं. प्राजक्ताला तपासणीला न्यायचं तर टॅक्सीने. बाकी घर आणि लॅपटॉप.

टोकियोला गेलो होतो मी.

हो — मी. बायको मेधा आणि मुलगी पुण्यात अडकलेल्या, विमानं बंद, घरात मी एकटा. टोकियोतल्या तोयोसुच्या एका मित्राचा फोन आला की कुणीतरी हापूसच्या पेट्या आणवल्यात, ये आणि घेऊन जा. आजारपण नाही, कुणाचं मरण नाही — एका शनिवारी गाडी काढून आंब्यांसाठी गेलो. त्याच्या घरी आम्ही पाच-सहाजण जमलो, मास्क खिशात घालून जेवलो, पत्ते खेळलो. परत आलो. माझ्या गाडीवर सेंदाई लिहिलेलं. पार्किंगमध्ये शेजारी भेटले, त्यांनी वाकून नमस्कार केला. मीही वाकलो.

दुसऱ्या दिवशी दोन आंबे घेऊन शेजारच्या ओनो-सानकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या बाई, एकट्या. माझ्या मुलीला कागदाचे पक्षी करायला त्यांनीच शिकवलेलं. कुरियरने आले, असं त्यांना सांगितलं. आंबा कसा पिकवायचा, कसा चिरायचा, हे समजावताना मास्क हनुवटीवर ओढला — माझं जपानी मास्कमधून त्यांना कळत नसे. त्या जवळ आल्या. आम्ही बराच वेळ दारात बोललो.

मग मला बारीक ताप आला. ऑफिसात सांगितलं, परागांची ॲलर्जी. त्या दिवसांत इथे अर्धा देश शिंकत असतो. पण पेटीतला आंबा नाकाशी धरला आणि काहीच वास आला नाही — तेव्हा मला कळलं. कळलं नाही, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. मी फोन उचलून कुठेही कळवलं नाही. शेजारच्या दारावर जाऊन ‘जपा’ एवढंही म्हटलं नाही.

ओनो-सानना अँब्युलन्समधून नेलं. त्या परत आल्या नाहीत.

माझ्यापासूनच लागण झाली का? ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो आहे.

इमारतीला मात्र उत्तर लगेच सापडलं. खाली उभं होतं, चार चाकांवर — अदाची. स्टिकर कुणीतरी अर्धा फाडला. लिफ्टमध्ये प्राजक्ता शिरली की लोक बाहेर येत. मग घरमालकाने कळवलं, रहिवाशांचा विश्वास नसेल तर घर सोडावं लागेल. रहिवासी संघाचे प्रमुख मोरि-सान सांगतील तसं करू. बाळंतपणाला महिनाही उरला नव्हता, नाव घातलेलं हॉस्पिटल इथलं.

नितीन माझ्याकडे आला. दाराबाहेरच, लांब उभा राहिला. “दादा, तुमचं जपानी चांगलं आहे, तुमचं ते ऐकतात. गाडी हलली नाही एवढंच सांगा. तुमच्या खिडकीतून दिसते ना रोज.”

“सांगतो,” मी म्हणालो. “काळजी करू नकोस.”

आणि खरंच तेच सांगायला गेलो होतो. मोरि-सानना खाली बागेजवळ गाठलं. बिचारा सभ्य माणूस. त्यांनाही कुणाला घराबाहेर काढायचं नव्हतं, त्यांना फक्त एक साक्ष हवी होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ती गाडी या महिन्यात बाहेर गेली होती का? क्षणभर मला वाटलं — नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न कुठला येईल? ती नाही, तर मग कुठली? आमची दोनच घरं तर परदेशी होती तिथे.

मी म्हणालो, “एका शनिवारी ती जागा मला रिकामी दिसली होती.”

एवढंच. ओरडून नाही, रागाने नाही. उलट जरा संकोचून — आपल्या माणसाबद्दल नाइलाजाने बोलावं लागतंय, असा चेहरा करून. आणि शनिवार माझा होता. मी माझाच शनिवार उचलून त्याच्या नावावर लिहिला. मोरि-साननी मान खाली घातली आणि प्रामाणिकपणाबद्दल माझे आभार मानले.

आठवड्याच्या आत नितीन आणि प्राजक्ता निघाले. टोकियोत एका ओळखीच्यांनी खोली दिली होती. हॉस्पिटलचं अजून ठरत नव्हतं. निघायच्या सकाळी सामान लावून झाल्यावर नितीन वर आला. प्राजक्ता गाडीत बसून होती, पाय सुजलेले, समोरच्या सीटवर उशी लावून. मला वाटलं, त्याला कळलंय. मी दार उघडलं.

त्याने मास्क नीट केला आणि चक्क जपान्यांसारखा कमरेतून वाकला. म्हणाला, “दादा, त्यांनी ऐकलं नाही, त्याला तुम्ही काय करणार? पण या अख्ख्या बिल्डिंगमध्ये आमच्या बाजूने बोलणारे तुम्ही एकटे होतात. प्राजक्तानेही सांगायला सांगितलंय.”

मी खरं सांगू शकलो असतो. तो समोर उभा होता, मोरि-सान खालीच होते, गाडी अजून सुरू व्हायची होती.

“अरे, त्यात काय,” मी म्हणालो. “जपून चालव.”