विहिरीचा घेर

माझ्या साडूचं आणि माझं कधी वाकडं नव्हतं. वाकडं यायला माणूस जवळ तरी असावा लागतो. तो मूळचा बाभुळगावकडचा, पण मास्तरकीची नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात. आमच्याकडची कितीतरी पोरं अशी मास्तर होऊन तिकडं गेली आणि बदलीच्या नादात झुरत राहिली. हा झुरला नाही. माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, लग्न होऊन त्याच्यासोबत गेली आणि तेव्हापासून आमच्या घरच्या फोनवर समुद्र येऊ लागला. सकाळचा समुद्र, संध्याकाळचा समुद्र, समुद्रात जाणारा साडू, समुद्रातून बाहेर येणारा साडू. आम्ही इकडं यवतमाळकडं, आर्णीच्या उन्हात कूलरमध्ये बादलीनं पाणी ओततोय आणि हा बाप्पा लाटेवर उताणा पडलेला.

ते व्हिडिओ मी पाहत नाही असं मी घरात सांगायचो. पाहत होतो. पोरगी झोपाळ्यावर बसून पाहायची, तेव्हा मी मागून जाताना थांबायचो.

मला जळायचं खरं तर कारण नव्हतं, कारण पोहण्यात मी काही कमी नव्हतो. शेतात आमची जुनी, दगडानं बांधलेली गोल विहीर आहे. गावातली अर्धी पोरं त्या विहिरीत माझ्या हाताखाली शिकली. पोराच्या पाठीला गोडेतेलाची रिकामी कॅन बांधायची, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या मुठीत, आणि पोराला पायरीवरून ढकलून द्यायचं. दोर कधी सैल सोडायचा, कधी ओढायचा. थोड्या दिवसांत पोर तरंगतं.

या विहिरीचा एक नियम आहे, माझ्या बापाच्या वेळचा. पाण्यात उतरलं की डावा हात भिंतीकडे ठेवायचा आणि कडेकडेनं गोल पोहायचं, देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं. एका वेळी आठ-दहा पोरं पाण्यात असतात, डोक्यावर डोकं आपटू नये म्हणून. शिवाय दमलं तर हात लावायला भिंत जवळ. उलटं कुणी फिरलं की वरून माझा खडा बसायचाच.

माझी पोरगी या विहिरीत लहानपणीच शिकली. कॅन तिनं लवकर सोडली, दोर मात्र सोडू द्यायची नाही. फेरी मारता मारता वर मान करून विचारायची, "बाबा, धरला ना?"

"धरला," मी म्हणायचो. मग पुढची फेरी. त्या दोराचा माझ्या तळहाताला लागणारा ताण मला आवडायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

यंदा मे महिन्यात बायकोनं बहिणीकडे जायचं काढलं. शेत नांगरून पडलं होतं, पेरणीला अवकाश होता, मला नाही म्हणायला जागा उरली नाही. यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं पुणं, तिथून एसटी, मग टमटम. जाताना मनाशी ठरवलं होतं, तिथं काहीही दिसो, आपण तोंडात बोट घालायचं नाही.

साडू रस्त्यावर घ्यायला आला होता. काळा पडलेला, पण पोट नाही. "या भाऊ, प्रवास नीट झाला ना?" म्हणाला. मले-तुले गेलं होतं त्याच्या तोंडातून. मी बायकोला हळूच म्हटलं, "बाभुळगावचा मास्तर पुणेकर झाला वाटते."

"तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?" ती म्हणाली. "उतरलो बी नाही आपण अजून."

संध्याकाळी तो आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. समुद्र मोठा होता, एवढंच म्हणतो. पोरगी चपला हातात घेऊन पळत सुटली आणि मी रेतीत पाय ओढत मागून. मी रेती म्हणायचो आणि साडूचा अंगणवाडीतला मुलगा मला "वाळू" म्हणून दुरुस्त करायचा.

तिथं साडूचं वेगळंच राज्य होतं. शाळेला सुट्टी, तरी गावातली वीस-पंचवीस पोरंपोरी त्याची वाट पाहत उभी. ओल्या वाळूवर काठीनं रेघ ओढून कबड्डी, मग पळण्याच्या शर्यती, मग सगळे मिळून पाण्यात. गाव एका वळणात आहे, तिथं लाट मवाळ असते. किनाऱ्यापासून थोडं आत एक होडी नांगरलेली होती. होडीला हात लावून परत यायचं, असा त्यांचा खेळ. माझी पोरगी पहिल्या दिवशी काठावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कबड्डीत उतरली, कुणाचा तरी पाय धरून वाळूत लोळली आणि उठली ती त्यांच्यातलीच होऊन. जेवताना तिचं सुरू झालं. काका म्हणतात, श्वास पाण्यात सोडायचा. काका म्हणतात, भरतीच्या आधी बाहेर यायचं. काका म्हणतात, भात कमी खाऊ नको. आमच्याकडे पोळी सोडून ज्या पोरीनं भाताला कधी हात लावला नाही, ती माशाचं कालवण कालवून भात ओरपत होती. काकांच्या ताटाकडं बघून.

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मेहुणीनं विचारलं, "भाऊजी, तुम्ही काहीच बोलत नाही?" मी म्हटलं, काटा काढून राह्यलो.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पोरगी त्या गावच्या मुलींना सांगत होती, "माझे बाबा आमच्या गावातले सगळ्यात भारी पोहणारे आहेत." ते माझ्या कानावर पडलं. तिनं ते मला ऐकवायला म्हटलं नव्हतं, आणि म्हणून तर मी फुगलो. शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साडूला म्हटलं, "चला साडूभाऊ, होडीला हात लावू. पाहू कोण पहिले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

पाणी खारट असतं हे मला ठाऊक होतं, पण डोळ्यांत गेल्यावर ते इतकं झोंबतं हे कुणी सांगितलं नव्हतं. चार हात मारले आणि डोळे मिटले. म्हटलं, दिशा तर ठरलेली आहे, नुसतं जोर लावू. आणि लावला. असा जोर मी विशीनंतर लावला नसेल. श्वास संपला तेव्हा डोकं वर काढलं. समोर होडी नव्हती. समोर काळे खडक होते, तेही किनाऱ्याचे. होडी माझ्या पाठीमागं, लांब, आणि तिच्या कडेला धरून साडू निवांत तरंगत होता. मी पाण्यात चांगला कोयत्यासारखा वाकडा फिरून उजव्या बाजूनं परत काठाकडं आलो होतो.

किनाऱ्यावरची पोरं हसली. माझी पोरगी हसली नाही. ती पाण्यात गुडघाभर उभी राहून माझ्याकडं पाहत होती, आणि ती हसली असती तर बरं झालं असतं.

साडू पोहत माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा मोठेपणा करणार. पण त्याच्या तोंडून इतक्या दिवसांनी आपली भाषा निघाली. "भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. विहिरीचा घेर हाये तो, हातापायात बसला हाये. मी बी पहिले असाच फिरत होतो. आमच्या गावच्या विहिरीत उलटे फिरत, म्हणून मी डावीकडं जात होतो. तुम्ही उजवीकडं जाता."

एखाद्यानं टोमणा मारला तर उत्तर देता येतं. हा समजून घेत होता. मला त्याचा त्याहून जास्त राग आला.

त्यानंतर त्यानं पोरीकडं पाहिलं. तीही होडीकडं निघाली की उजवीकडंच वळायची. वळणारच, शिकवलं कुणी. साडू छातीएवढ्या पाण्यात तिच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले आणि उलट्या पावलांनी मागं मागं जाऊ लागला. "माझ्याकडं बघ. भिंत विसर. माझ्याकडं ये."

ती वळायची, तो थांबायचा, पुन्हा सुरू. मी काठावर ओल्या पँटीत बसून ते सगळं पाहिलं. हळूहळू ती सरळ येऊ लागली. लाट आली की पोटाखालून जाऊ द्यायची, डोकं वर काढायची, त्याचे हात कुठं आहेत ते पाहायची आणि पुन्हा त्या हातांकडं. पोरगी बुडाली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं असं एक क्षण मनात आलं, आणि मग मीच मला शिव्या घातल्या. पण आलं होतं. परतीच्या आदल्या दिवशी ती एकटी होडीपर्यंत गेली, सरळ, ओळंब्यात धरल्यासारखी. होडीला हात लावून तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "काका, पाहिलं ना?"

काका. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

निघायच्या सकाळी चहाला बसलो असताना साडूनं विषय काढला. "भाऊ, हिला इथं ठेवा. आठवीचं वर्ष आहे, शाळा चांगली आहे, पाणी दारात आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेला मी उतरवतो तिला. पोरीत दम आहे." मेहुणीनं मान हलवली. माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं, तिचं पाहणंच सांगत होतं की बहिणीबहिणींचं बोलणं आधी झालेलं आहे. पोरगी कपबशी धरून खाली बघत बसली. बोलली असती तर मी रागावलो असतो, सोपं गेलं असतं.

"पाहू," मी म्हटलं.

आमच्याकडे पाहू म्हणजे नाही. साडूला ते कळलं, तो मूळचा आमच्याकडचाच. त्यानं पुन्हा काढलं नाही, फक्त एवढं म्हणाला की इकडच्या शाळा तुमच्याआधी उघडतात, तेवढं लक्षात ठेवा.

परतीच्या सगळ्या वाटेत पोरगी खिडकीला डोकं लावून होती. बायको मला म्हणाली, "तुम्ही जळता."

"मी कायले जळू? पोरगी आपली हाये, आपल्या घरी राहीन."

"तेच म्हणून राह्यली मी," ती म्हणाली आणि पिशवीतले सांडगे सरळ करत बसली.

घरी आल्यावर मी एक काम केलं. विहिरीवरची मोटार दोन दिवस बंद ठेवली, मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी थोडं चढू दिलं. वर साचलेला पालापाचोळा जाळीनं काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला म्हटलं, "चल, पोहाले जाऊ." लगेच आली. मला बरं वाटलं. जिथं पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण माझं गिऱ्हाईक माझ्याकडं परत आलं होतं. खांद्यावर जुना दोरही टाकून नेला, उगीचच. ती आता दोर मागण्याच्या वयाची राहिली नव्हती.

बाकीची पोरं अजून आली नव्हती. ती खालच्या पायरीवर उतरली, भिंतीला पाय लावून तिनं स्वतःला ढकललं आणि सरळ निघाली. तोंड पाण्यात, श्वास पाण्यात, हात लांब. तिचं पोहणं इतकं चांगलं झालं होतं की मला ते सहन होईना. आणि लगेच समोर भिंत आली. ती थांबली, वळली, पाय लावला, निघाली. पुन्हा भिंत. पुन्हा वळली. या वेळी हात आखडून घेतला तरी बोटं दगडाला आपटली. बोटं तोंडात धरून ती क्षणभर पाण्यात उभी तरंगली.

मी वर काठावर बसून होतो. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तिनं मान वर करून पाहिलं. मग बोटं झटकली, हसली, डावा हात भिंतीकडे केला आणि कडेकडेनं गोल पोहू लागली. प्रदक्षिणेसारखी, डोकं वर ठेवून, जुनी, मी शिकवलेली पद्धत. एक फेरी झाली, दुसरी झाली. माझ्या खालून जाताना म्हणाली, "बाबा, धरला ना?"

दोर माझ्या खांद्यावर होता. तिच्या कमरेला काहीच नव्हतं. पोरगी माझं मन राखत होती. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती विहिरीत गोल फिरत होती, आणि मी बोललो नसतो तर उद्याही फिरली असती, परवाही.

"बाहेर ये," मी म्हटलं. "झालं."

शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली रेंज येते. तिथं जाऊन साडूला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला, मागं समुद्राचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकून मला पुन्हा तसंच झालं, काही कमी झालं नाही.

"शाळा कधी उघडते तुमची?" मी विचारलं.

तो खुशीत येऊन म्हणाला, "भाऊ, तुम्ही कायले त्रास घेता पेरणीच्या दिवसात, मी येतो न तिले घ्यायले."

"नाही," मी म्हटलं. "मी आणून सोडतो."

पेरणी काय, चार दिवस मागं-पुढं होते. पण माझ्या घरून माझ्या पोरीचा हात धरून त्यानं तिला न्यावं, एवढं मी त्याला देणार नव्हतो.