दोनदा दाबलेला आंगठा

शाईच्या पॅडचा वास आला का मले नांदुऱ्याचं ते ऑनलाईन अर्ज भरायचं दुकान आठोते. आमच्या बुढ्याच्या, म्हंजे माह्या मालकाच्या, छातीचं ऑपरेशन सरकारी योजनेतून करायचं होतं, त्याचा अर्ज भराले आमी गेलतो. बुढा बाकड्यावर धापा टाकत बसला. अर्ज भरून झाल्यावर दुकानवाली बाई म्हने, "काकू, मोबाईलवरचं बटन तुमच्याच हातानं दाबा." मी दाबलं. मोबाईलवर नुसतं चाक फिरत राह्यलं, अन् मागून त्याच्या छातीतली घरघर आयकू ये. वावरातलं गवत निंदून निंदून माहा आंगठा घासलेला, कागदावर बी दोनदा दाबल्याबिगर कधी उठला नाही, म्हनून मी अजून एकदा दाबलं. बाईचं तोंड उतरलं. "काकू, दोनदा काऊन दाबलं? दोन अर्ज गेले न!" बुढा हासला, "बरं झालं, एक तरी पास होईन." पन एकाच मानसाचे दोन अर्ज पाहून हापिसानं दोन्ही तपासणीले अडकोले. मंजुरी आली तवा दारात त्याची चप्पल होती, तो नोहता. परवा नातीनं माह्या हातानं रेशनचा अर्ज पाठोला. एकदा दाबल्याबरोबर बटन फिक्कं पडलं. "आजी, आता कितीबी दाब, दुसऱ्यांदा जात नाही," म्हने. मी तरी आंगठा पदरात झाकून बसली.