टिचकीबाईंचा कान

माझी आई सव्वीस वर्षं कपांना टिचक्या मारायची. हा तिचा छंद नव्हता, नोकरी होती. आमच्या गावाबाहेर चिनी मातीच्या कपबश्यांचा कारखाना आहे. भट्टीतून निघालेला माल गार झाला की तपासणीच्या टेबलावर येतो. आई डाव्या हाताच्या बोटावर कप उलटा टेकवायची, उजव्या हाताने त्याला एक टिचकी मारायची आणि ऐकायची. खणखणीत वाजला तर पक्का, उजवीकडे. बद्द वाजला तर आत कुठेतरी केसाएवढी चीर, डोळ्यांना न दिसणारी. तो डावीकडे, फोडायच्या पिंपात. दिवसाला दोन हजार कप. बाकीच्या बायका लाकडी काडीने वाजवायच्या, आई नखाने. म्हणून सगळा कारखाना तिला टिचकीबाई म्हणायचा आणि त्या नावाने हाक मारली की ती लगेच ओ द्यायची.

सवयीला सुट्टी नसते. आई कुणाकडे गेली आणि चहा पुढे आला की आधी कप रिकामा मागून वाजवून बघायची. शेजारच्या काकूंचे चार कप तिने असेच बाद केले, तेव्हापासून काकू तिला स्टीलच्या पेल्यातच चहा देतात. माझ्या कपाळालाही सूट नव्हती. लहानपणी तापातून उठले, गणितात नापास झाले, पहिली नोकरी लागली, दर वेळी आईने माझ्या कपाळावर टिचकी मारली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "पक्का माल."

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलायचं, चेहरा हसरा ठेवायचा, आपल्यामुळे कुणाची मान वळता कामा नये, हे मी तिथे शिकले आणि गरजेपेक्षा जास्त शिकले. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. घरात तिच्या टिचक्यांचं मला काही वाटायचं नाही. चारचौघांत मात्र मी चपला शोधायला लागायचे.

एका शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून आली आणि दारातूनच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने शहरात जाऊ. एक रात्र राहू, रविवारी परत."

"उद्या? अगं, आधी सांगायचं तरी."

"आत्ता सांगतेय ना."

साधी उशी घ्यायची तरी तीन आठवडे विचार करणारी ही बाई. मी म्हटलं, आईला अखेर जगावंसं वाटलं. मी हरखले, बॅग भरायला घेतली आणि कारण विचारलंच नाही.

कारण मला परतीच्या गाडीत कळलं. तुम्हाला आधीच सांगते. त्या शुक्रवारी दुपारी मुकादमाने तिला बाजूला बोलावलं होतं. शहरातल्या मोठ्या दुकानातून तीन खोकी माल परत आला होता, कपांना चिरा म्हणून, आणि तिन्ही खोकी तिच्या टेबलावरून गेलेली. मुकादम म्हणाला होता, "बाई, राग मानू नका, पण तुमचा कान गेला. सोमवारी सही करा, खोकी भरायच्या खात्यात जा. पगार तोच." आईचं म्हणणं, चिरा वाटेत पडल्या असतील. मुकादमाचं म्हणणं, पूर्वी कधी नाही पडल्या. तेव्हा आई स्वतःच्या कानाची परीक्षा घ्यायला निघाली होती, त्याच दुकानात. आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. हॉटेलची खोली सहाव्या मजल्यावर, खिडकीतून नुसत्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. आईने न्हाणीघरातला काचेचा पेला वाजवला, पक्का निघाला आणि ती खूश झाली. मग आम्ही खाली रस्त्यावर एका कॉफीच्या दुकानात बसलो. गुळगुळीत टेबलं, हळू संगीत, शेजारी दोन बायका, दोघींचे केस आत्ताच धुतल्यासारखे. कॉफी आली. आईने आधी बशी वाजवली. मग पोऱ्याला सांगून कॉफी दुसऱ्या कपात ओतून घेतली आणि रिकामा कप बोटावर धरून वाजवला. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"काय गं?"

"लोक बघतात."

"बघू देत. फुकट बघतात." ती हसली. तिच्या अंगात त्या दिवशी काहीतरी संचारलं होतं. शेजारच्या बायकाही हसत होत्या, वाईट नव्हे, पण हसत होत्या. मी कॉफी तशीच ठेवून बिल मागवलं.

तिथून आई मला त्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. ते चार मजली होतं. तिसऱ्या मजल्यावर नुसत्या कपबश्या, काचेच्या फळ्यांवर, प्रत्येक फळीला वेगळा दिवा. आईने आमच्या कारखान्याचा माल बुडाच्या शिक्क्यावरून झटकन शोधला. मग बाही सारली आणि सुरू झाली. एक कप, एक टिचकी, जागेवर. दुसरा कप, दुसरी टिचकी. डोळे मिटलेले. सगळ्या मजल्यावर टण्, टण् असा आवाज फिरायला लागला. चाळीस-पन्नास कप झाले, सगळे पक्के. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हिला इथून आता ओढून न्यायचं कसं?

"आई, पुरे. चल ना, कपडे बघू."

"थांब गं. सगळेच पक्के वाजले तर काय कळणार? एखादा बद्द सापडला पाहिजे." मला तेव्हा या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

ती शेजारच्या फळीकडे वळली. तिथे दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याचा सोनेरी काठाचा भारी माल होता, आमच्या कपाच्या दसपट किमतीचा. चौथ्या कपाशी ती थांबली. पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे वळली. इतकं आनंदलेलं मी तिला क्वचितच पाहिलं असेल.

"ऐक," ती म्हणाली आणि माझ्या कानाशी वाजवला. "ऐकलंस?"

तोवर दुकानातली मुलगी आली होती. "आजी, वस्तूंना हात नका लावू."

"अगं बाळ, हा कप गेलेला आहे. गरम पाणी ओतून बघ, काठाशी चीर पडेल. फळीवरून काढून ठेव, कुणाचा हात भाजेल."

मुलीने मान वळवून कुणाला तरी खूण केली. काळ्या कोटातला व्यवस्थापक आला. त्याने कप दिव्याशी धरला, फिरवला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला. चार-पाच गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू तशाच धरून आमच्याकडे बघत उभी राहिली.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "आणि झालं असेल तर बाई, तुम्ही तो आपटलात म्हणून."

"आपटला नाही हो, वाजवला. माझं कामच आहे ते." आईने हात पुढे केला. "द्या, तुम्हाला ऐकवते."

त्याने कप दिला नाही. तो माझ्याकडे वळला. "या तुमच्या कोण?"

"आई." निदान हे खरं सांगितलं. तेवढंच पुण्य माझ्या पदरी.

"तुम्हाला काही वेगळं ऐकू आलं का मॅडम? मला तर नाही आलं."

मला ऐकू आलं होतं. हे मी आज स्वच्छ लिहिते. त्या आवाजात मी वाढले आहे. सुट्टीत मी तपासणीच्या टेबलाखाली बसून खेळायचे आणि वरून टण् आला की पक्का, टप् आला की बद्द, हे आईच्या आधी ओरडायचे. तो कप बद्द होता. शंकाच नव्हती. पण ती माणसं बघत होती, माझे कान तापले होते आणि मला फक्त तिथून निघायचं होतं. मी काउंटरवरचं हसू काढलं आणि हळू आवाजात, अगदी समजूतदारपणे म्हणाले, "नाही हो, सारखाच वाजला. माफ करा. आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं."

व्यवस्थापक लगेच मऊ झाला. "हो का? वय झालं की होतं," असं म्हणाला. बघणारी माणसंही प्रेमळ चेहरे करून पांगली. कप पुन्हा त्याच फळीवर गेला. मला वाटलं, किती छान सांभाळलं मी.

 आईने बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि माझ्या मागून खाली आली.

त्यानंतर मी तिला रुमाल घेऊन दिला, बाग दाखवली. ती "छान आहे" म्हणाली, सगळ्यालाच. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी तिच्यापुढे चहाचा कप आला. तिने तो उचलला आणि प्यायली. वाजवला नाही. आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, मला बरं वाटलं. म्हटलं, शहाणी झाली आई.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी काहीतरी बोलले, तर तिने कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस? जरा मोठ्याने बोल."

 मी वाक्य पुन्हा बोलले. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"कधीपासून जाणवतंय गं तुला?" तिने विचारलं.

"काय?"

"हेच. माझ्या कानाचं."

हीच वेळ होती. डबा अर्धा रिकामा, बघणारं कुणी नाही. पण खरं सांगायचं तर कालचंही सांगावं लागणार होतं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात, ते इतकं आयतं तोंडात येऊन बसलेलं असतं हे मला माहीत नव्हतं.

"झाले असतील तीन-चार महिने," मी म्हणाले.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मुकादम बरोबर बोलला." आणि तिने ती सगळी हकिगत सांगितली, तीन खोकी, सही, खोकी भरायचं खातं. शेवटी म्हणाली, "मी उगाच त्याच्यावर चिडले. परक्या माणसाचं खोटं वाटतं बघ आपल्याला."

 मी मनात म्हटलं, घरी गेल्यावर सांगू, नीट बसून सांगू. घरी पोचलो तर तिने जेवण नको म्हणून अंथरूण धरलं. म्हटलं, सकाळी. सकाळी मला जाग आली तेव्हा तिचा डबा गेला होता, चपला गेल्या होत्या. पहिली पाळी सहाची. माझं दुकान दहाला उघडतं. मधल्या चार तासांत मी कारखान्यात जाऊ शकले असते. चालत वीस मिनिटं. मी ओटा पुसला, पडदे धुवायला टाकले. असं करता करता दहा वाजवले.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले आणि नेलकटर घेऊन बसली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख ती नेहमी जरा वाढलेलं ठेवायची, कामाचं नख. ते तिने कापलं.

"खोकी भरताना अडकतं," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. तो कप बद्द होता. मी ऐकला होता. तीन-चार महिने वगैरे काही नाही. लोक बघत होते, मला लाज वाटली, म्हणून बोलले.

आईने नखाचा तुकडा कागदात ठेवला, कागदाची पुडी केली.

"मलाही बद्दच ऐकू आला होता," ती म्हणाली.

"मग सही का केलीस?"

"तू सारखाच वाजला म्हणालीस. म्हटलं, ही कशाला खोटं बोलेल? माझा कानच चुकला असेल."

"मी उद्या येते मुकादमाकडे. सगळं सांगते."

"माझ्या टेबलावर नवी मुलगी बसली आज. मीच शिकवलं तिला दिवसभर. कान चांगला आहे तिचा." पुडी केरात टाकत म्हणाली, "नको येऊस. तिथे चार लोक असतात. तुला लाज वाटेल."

टोमणा नव्हता तो. ती खरोखर माझी काळजी करत होती. आणि मला, याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते, जायला लागणार नाही म्हणून हायसं वाटलं. मी गेलेही नाही. ना मंगळवारी, ना नंतर. आई पुढची सहा वर्षं खोकी भरत होती. कारखान्यात तिला टिचकीबाई म्हणणं हळूहळू बंद झालं.

त्या संध्याकाळी मात्र मी रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखी. आई उठून जवळ आली. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि कापलेल्या नखाच्या बोटाने माझ्या कपाळावर टिचकी मारली. कान देऊन उभी राहिली. मी डोळे पुसून वाट बघत होते. ती काही बोलेना.

"काय वाजलं?" शेवटी मीच विचारलं.

"मला काय विचारतेस?" आई म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."