फोकस मी लावायचे, झूम ते करायचे

माझे पती विलास शेवटचं वर्षभर लग्नांचं शूटिंग करत होते, आणि त्यांना नीट दिसत नव्हतं.

हे आज पहिल्यांदा लिहितेय. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

साखरेनं डोळ्यांचा पडदा खराब केला होता. मधोमध काळा डाग. माणूस कुठं उभा आहे ते कळायचं, चेहरा दिसायचा नाही.

कोरेगाव भागात कुणालाच हे माहीत नव्हतं.

"कळलं तर एक ऑर्डर येणार न्हाई," म्हणायचे. "आंधळ्याला कोण बोलवतंय लग्नाला?"

"जेवायला बोलवतील की," मी म्हणायचे.

काम निभत होतं ते एका जुन्या झूम लेन्समुळं. तिला ते म्हातारी म्हणायचे. फोटोचीच लेन्स, हातानं फोकस करायची. पण व्हिडिओला लागतो तो गुण तिच्यात होता. पूर्ण झूम करून नवरीच्या नथीवर फोकस लावला की नंतर मागं या, पुढं जा, सुटत नाही. नव्या लेन्स झूम हलवला की फोकस सोडतात.

शूटिंगवाले मित्र विचारतील, ऑटोफोकस का नाही? अक्षता उडाल्या की तो तांदळामागं धावतो.

मी सातवी शिकलेली. कॅमेऱ्याची मासिकं त्यांना वाचून दाखवता दाखवता मला हे कळत गेलं.

मंगलाष्टकांच्या आधी मी कॅमेऱ्याशी जायचे. फोकस लावायचे, वर चिकटपट्टी मारायचे. पुढचा झूम त्यांच्या हातात. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याला पाणी द्यायला गेली.

तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच लग्न, साताऱ्यात. नवरीचा भाऊ फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, बाकी कायबी चुकू द्या. अंतरपाट निघताना बारकीचं तोंड तेवढं क्लिअर आलं पायजे."

"येतंय की," हे म्हणाले.

दुसऱ्या मंगलाष्टकाला यांनी झूम मागं घेतला. कॅमेऱ्याचं चित्र मांडवातल्या मोठ्या स्क्रीनवर लाइव्ह होतं.

सगळं धूसर. नवरा, नवरी, मामा, साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखे.

"कॅमेरावाल्याचा चष्मा घरी ऱ्हायला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

यांना काहीच कळलं नव्हतं. शांतपणे झूम मागं घेतच होते.

मी खुर्च्यांमधून वाट काढत गेले. "आवं, धूसर झालंय सगळं."

"पट्टी सुटली?"

"न्हाई. हाय तशीच हाय."

त्यांनी झूम पुढं नेला. "आता?"

"आता नीट हाय."

मागं घेतला. "आता?"

"गेलं."

त्यांनी लेन्सची मागची बाजू चाचपली. मग हळूच म्हणाले, "लेन्सच्या मागची रिंग कवा काढलीवतीस का?"

काढली होती. खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि आमचं हत्यार कॅमेरा. पुसायला रिंग काढली, तर आतून गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीची कातरलेली पट्टी पडली. कचरा म्हणून मी झाडून टाकली.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला या रिंगनं जोडलेली. ती केसभर जरी पातळ असली तरी म्हातारीचा गुण जातो. हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. आमची रिंग तशीच पातळ निघाली. मग मी सांगलीला माहेरी गेले असताना त्यांनी बोटांनी चाचपत तेवढी चांदी कातरून आत बसवली. मला सांगायचं राहून गेलं.

"चांदी मी झाडली," मी म्हणाले.

तिसरं मंगलाष्टक संपत आलं होतं. आता लेन्स खोलायला वेळ नव्हता.

"मग झूम हलवायचाच न्हाई," ते म्हणाले. "आत जातो आन् तिथंच ऱ्हातो. तू सांग."

पूर्ण झूमवर नुसता चेहरा मावतो. नवरी जरा हलली की चित्राबाहेर.

मी कानाशी लागले. "डावीकडं. जरा. बास. वर. न्हाई, खाली."

"ती बाई तितं काय कुजबुजतीया? बाजूला घ्या तिला," नवरीची आत्या म्हणाली.

मी हलले नाही.

शेवटचं मंगलाष्टक. माझ्या तोंडावर, त्यांच्या हातावर अक्षता पडत होत्या. नवरीनं मान खाली घातली.

"खाली. आजून. थांबा."

अंतरपाट निघाला.

"वर."

तिची मान उठली तसा त्यांचा हात उठला. नथ, डोळे, पापणीला अडकलेला तांदूळ. सगळं लख्ख. आणि नवरदेवाकडं बघायच्या आधी ती क्षणभर कॅमेऱ्याकडं बघून गेली. रागावल्यासारखी. का आला नाहीस, असं.

परत येताना एसटीत यांनी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "पूजा मात्र लय झ्याक केलीस."

फिल्म पाठवली. दोन दिवसांनी नवरीच्या भावाचा फोन, स्पीकरवर.

"काका, नवरदेव कुठाय? निम्मं लग्न बारकीच्याच तोंडावर हाय."

हे काहीतरी कारण सांगतील असं मला वाटलं.

"मला दिसत न्हाई, बाळा," ते म्हणाले. "लय दिवस झालं. काकू सांगत हुती तसा कॅमेरा फिरवला."

माझा हात तोंडावर गेला.

"काका, मी चार येळा बघितलं," तो म्हणाला. "नवरदेव काय, जलमभर बघायचाच हाय. माझ्या लग्नाला तुमीच या. काकूला संगट घ्या."

त्या लग्नापर्यंत हे राहिले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले होते, आता बाकीच्यांनाही खरं सांगू. त्यावर म्हणाले, "मला एकदाच जमलं. बाकीच्यांना तू सांग, मी गेल्यावर."

ज्यांच्या लग्नात त्या वर्षी काही निसटलं असेल, ते आमच्या दोघांच्या हातून निसटलं. माफ करा.

आवं, सांगितलं सगळ्यांना.

निवांत ऱ्हावा. तुमच्या शोभाचा नमस्कार.