हिरव्या पट्ट्यातली बॅटरी

उभे आयुष्य बॅटऱ्या तपासण्यात घालवलेल्या माणसाने आपल्याच घरच्या बॅटरीत ॲसिड का ओतावे?  

खाली मास्तरांचे बॅटरी दुरुस्तीचे दुकान, वर बिऱ्हाड. त्यांची पत्नी प्राणवायूच्या यंत्रावर होती. त्या दिवशी तारांच्या कामासाठी अकरापासून दोन तास वीज जाणार होती, आणि तेवढा वेळ यंत्राला इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीखेरीज आधार नव्हता.

दुकान आता सून सांभाळत असे. सकाळी तिने बॅटरीची झाकणे उघडली. हायड्रोमीटरच्या नळीत द्रव ओढला की आतला तरंगक जितका वर येईल तितकी बॅटरी भरलेली, असे धरतात. सहाही कप्प्यांत तो हिरव्या पट्ट्यापर्यंत वर आला.

“बघ,” मास्तर म्हणाले. “म्हातारी झाली म्हणून लगेच मोडीत काढायची नसते.”

“हे माझ्याबद्दल की बॅटरीबद्दल?” पलंगावरून सासूबाईंनी विचारले.

सून हसली नाही. गेल्या आठवड्यात हाच तरंगक तांबड्यात रुतून बसला होता.

“बाबा, पाणी घातलंत ना?”

“घातलं.”

“पाणीच?”

मास्तर खिडकीकडे वळले. “थोडं ॲसिड. काही केल्या वर येईना.”

असली चूक धंद्यातला माणूसच करू जाणे. ॲसिडने द्रव दाट होतो, तरंगक वर येतो. बॅटरीतली वीज मात्र तसूभरही वाढत नाही. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवावा, तसेच हे. सुनेने बॅटरीवर भार टाकून पाहणाऱ्या लोड टेस्टरचे चिमटे लावले. काटा क्षणात ढासळला आणि कडेच्या कप्प्यात बुडबुडे उसळले; बॅटरी कामातून गेली होती.

अकराला थोडाच वेळ उरला होता. दुकानात भरलेली बॅटरी एकच, ट्रकवाल्याची. गिऱ्हाइकाची बॅटरी घरी लावायची नाही, हा मास्तरांचा दंडक. त्यापायी त्यांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता. सून जिन्याच्या तोंडाशी घुटमळली.

“सावकाश ठरवा,” सासूबाई म्हणाल्या. “श्वास काय, माझाच आहे.”

मास्तरांनी खुंटीवरून दुकानाची किल्ली काढली. “चल. एक कडी मी धरतो. ट्रकवाल्याला काय ते मी सांगेन.”

धापा टाकत दोघांनी ती वर आणली. जुनीच्या तारा सोडवल्या, नवीला एक आवळली. दुसरीच्या नटाला पाना लावला आणि वीज गेली. यंत्राची घरघर थांबली. सासूबाईंनी चादर मुठीत धरली. पाना एकदा निसटला. मास्तरांनी तार जागेवर दाबून धरली. सुनेने नट आवळला, बटण दाबले, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

वीज येईपर्यंत मास्तर व्होल्टमीटरसमोरून उठले नाहीत. ट्रकवाला आला तेव्हा जिन्यात जाऊन त्यांनी त्याला सगळे सांगितले, ॲसिडसकट.

ही गोष्ट २०११ सालची. सासूबाई २०१७ च्या फेब्रुवारीत वारल्या.