पिन हातात घ्या, वहिनी

सलीमभाई कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी मेन स्विच कुठे आहे ते विचारायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी रीतीप्रमाणे तांब्या-भांडं पुढे केलं, तर म्हणाले, "पाणी नंतर, वहिनी. आधी मेन दाखवा." मला रागच आला. माणूस माशांची टाकी बघायला आलाय की घरावर जप्ती आणायला, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

साखर कारखान्यात उभा जन्म वायरमनकी करून ते निवृत्त झाले होते आणि आता श्रीरामपुरात घरोघरी माशांच्या टाक्या बसवून द्यायचे. आमच्या ह्यांनी हौसेनं टाकी आणली होती आणि तिच्याखालच्या कपाटात एक्स्टेन्शन बोर्ड ठेवून दिवा, फिल्टर, हवेचा पंप, हीटर असं सगळं त्यात खोचून दिलं होतं. सलीमभाईंनी कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, टाकी गळली तर पाणी पयलं कुठं जाईल?"

मग तो बोर्ड भिंतीवर गेला, टाकीपासून लांब आणि पाण्याच्या वर. प्रत्येक वायरीला त्यांनी आधी खाली झोळ दिला आणि मग ती वर नेली, म्हणजे ओघळणारा थेंब झोळातूनच खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही. शेवटी मीटरजवळ एक डबी बसवली. पाण्यात जरा जरी करंट उतरला की ही डबी खटकन पडते आणि घरभरची वीज जाते.

टाकीत हात घालायच्या आधी त्यांचा एक विधी असायचा. सगळ्या पिना उपटून ते माझ्या हातात द्यायचे. "धरून उभ्या ऱ्हावा. स्विच खोटं बोलतं, पिन खोटं बोलत न्हाई. वायरी उलट्या जोडल्या असल्या तर स्विच बंद करून बी करंट आतच बसल्याला असतो." मग मी चार वायरींची टोकं हातात धरून अर्धा अर्धा तास उभी. कुकरच्या शिट्ट्या होताहेत, दारात भाजीवाली ओरडतेय, आणि मी आपली उभी! जाताना ते अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचे. "तुळशीला घालता, मंग ह्यानं काय पाप केलंय? आपल्याकडं जमीन कोरडी ठक्क. अर्थिंग तहानलं की करंट मानसातून वाट काढतोय."

पुढे जे झालं त्यात चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. थंडी कडाक्याची, म्हणून टाकीतला हीटर चालू. आणि ती डबी सकाळपासून तीनदा पडली. बायका येणार, टाकी बघणार, आणि घरात दिवा नाही? मी गल्लीतल्या एका वायरमनला बोलावलं आणि डबी बाजूला काढून लाईन डायरेक्ट करून घेतली. टाकी अशी झगमगली म्हणता! मी खूश.

माझ्याहून खूश सासूबाई. माशांना खाणं घालायचं काम त्यांचं. दुपारी म्हणाल्या, "अगं, पाण्यात बोटं बुडवली की कशा छान मुंग्या येतात! सांधे मोकळे झाले बघ माझे." मला वाटलं, कोमट पाण्याचा शेक बसत असेल. माझी मेलीची अक्कल!

पाचच्या सुमाराला बायका जमल्या. सासूबाईंनी सांधेदुखीवरचा हा नवा उपाय जाहीर केला आणि तिळगूळ राहिला बाजूला, बायकांनी टाकीपुढे रांग लावली. पहिल्या नंबरला शेजारच्या कुलकर्णीकाकू. त्या बांगड्या मागे सारत होत्या, तेवढ्यात सलीमभाई माशांचं खाणं द्यायला दारात आले.

"काय चाललंय, मावशी?"

"अरे ये. ह्या पाण्यात मुंग्या येतात. औषधी आहे."

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. "हात मागं!" असे ओरडले की काकू दोन पावलं उडाल्याच. त्यांनी धावत जाऊन मेन पाडला, परत येऊन पिना उपटल्या आणि हीटर बाहेर काढला. त्याची काच तडकली होती. "मावशी, हे औषध न्हाई, मरन हाय मरन! पायात रबरी सपाता हाईत म्हनून बोलताय माझ्याशी." आणि मग बायकांच्या रांगेकडे बघितलं. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या अनवाणी.

"डबी कुनी काढली?"

"मी," म्हटलं.

मला वाटलं, आता वाभाडे काढतील. पण ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "वहिनी, जरा पाणी द्या." इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे पहिल्यांदा आपणहून पाणी मागितलं. मला रडूच फुटलं.

डबी परत बसली, नवा हीटर आला. सासूबाई मात्र दोन महिने फुगून. "मेल्यानं माझं औषध बंद केलं," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. सलीमभाई आले की तोंड फिरवून बसायच्या. ते हसून खड्ड्यात तांब्या ओतायचे आणि जायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच, हृदयविकारानं. मी सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या घेऊन त्या अर्थिंगच्या खड्ड्याशी वाकलेल्या. "त्याचं काम राहायला नको," म्हणाल्या. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही.

परवा भर दुपारी खटकन डबी पडली. पंखा थांबला, टाकीतले बुडबुडे थांबले. मी वैतागून काही बोलणार, तोच आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "सलीम आला गं. आधी पिना काढ, आणि बघ काय चुकलंय आपलं."

मी पिना काढल्या आणि हातात धरून उभी राहिले.